मेकॉलेचे कलम आणि मुंबईचे समलिंगी

समलिंगी आकर्षण ही पाश्चात्त्यांकडून आलेली आयात आहे, असे म्हणून हात झटकणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. आयात झाले ते कलम! मेकॉलेच्या मसुद्यावर उभ्या राहिलेल्या १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम हे ब्रिटिशांच्या ख्रिस्ती नीतिकल्पनेचे अपत्य होते. इंग्लंडने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषांचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळले. भारताने मात्र साहेबाचे हे जोखड २०१८ पर्यंत मानेवर वागवले.

मुंबईतील समलिंगी समाजाचा इतिहास याच जोखडाखाली घडला. १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढणारे पत्रकार अशोक राव कवी तारुण्यात संन्यासाच्या ओढीने रामकृष्ण मिशनमध्ये गेले होते. स्वतःपासून पळू नकोस, हा मार्ग त्यांना तेथील एका ज्येष्ठ संन्याशानेच दाखवला. १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. एड्सच्या सावटात त्याला वाकोल्यात जागा दिली ती मुंबई महापालिकेने. १९९५ मध्ये स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट निर्माण झाला. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेल्या मोर्चाची मागणी होती, इंग्रजी कायद्यापासून मुक्ती! त्यासाठी याहून उचित मैदान कोणते?

तरीही तथाकथित पुरोगामी मंडळी हिंदू समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देऊन, ही माणसे समाजात पूर्वापार आहेत व त्यांना सन्मानाने जगता आले पाहिजे, असे सांगितले. त्याची दखल या मंडळींनी किती घेतली? विवाहाचा प्रश्न वेगळा आहे. विवाह हा संस्कार आहे. त्याची व्याख्या न्यायालयाने नव्हे, संसदेने ठरवावी. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तो विषय संसदेकडेच सोपवला.

परंतु विवाहाला संस्कार मानणाऱ्यांवर एक दायित्वही येते. 'लग्न झाले की सुधारेल' असे म्हणत, सत्य दडवून मुलाला बोहल्यावर चढवणे हा त्याच संस्काराचा अवमान आहे. त्यात एका निरपराध मुलीच्या आयुष्याची होळी होते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरवणाऱ्या घरानेच पोटच्या मुलासाठी दार लावून घेतले, तर त्याने जायचे कोठे? मेकॉलेचे कलम कायद्याच्या पुस्तकातून गेले. ते घराच्या उंबरठ्यावरूनही हद्दपार व्हायला हवे.