हिवऱ्याच्या पोरास हिवर ठाऊक आहे काय?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज आपणांस आम्ही एक साधा प्रश्न पुसतो. आपले पाच-सहा वर्षांचे पोर शाळेत जाऊ लागले म्हणजे त्याच्यापुढे पहिले फळ कोणते येते? भिंतीवरच्या चित्रातले सफरचंद! नगरकडच्या कोरड्या रानात सफरचंदाची बाग कोणी पाहिली आहे? बांधावर बोर पिकून खाली पडते, चिंच दगड मारून पाडता येते, पण त्या बिचाऱ्यांस भिंतीवर जागा नाही. ज्या बाजरीवर घराच्या तीन पिढ्या पोसल्या, तिचे मूळ कसे असते हे पोरास विचारणारा गुरुजी विरळा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. नाव घेताच हिवराचे झाड आठवावे असे ते नाव. हिवर हा बाभळीच्याच कुळातला, काट्यांचा, कोरड्या जमिनीत तग धरणारा. पण बाभळीची साल काळपट व भेगाळ, हिवराची पांढुरकी. बाभळीचे फूल म्हणजे गर्द पिवळा गोंडा, तर हिवर पावसाळ्यात फिकट पिवळसर फुलांनी झाकून जातो. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी आवळलेली, हिवराची चपटी. एवढे दोन वृक्ष शेजारी उभे करून पोरास सांगितले, ‘यांत सारखे काय आणि वेगळे काय ते पाहून ये,’ की वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा झाला. त्याला ना पुस्तक लागते, ना फी. पण हा धडा भिंतीच्या आत देता येत नाही. त्यासाठी पोरास उंबरा ओलांडून रानात न्यावे लागते.

आम्ही हिवरे बाजारचेच नाव का घेतो? कारण झाड न ओळखल्याचे आणि ओळखल्याचे, दोन्हींचे फळ या गावाने एकाच आयुष्यात चाखले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात व पुढची बरीच वर्षे या गावाचा डोंगर बोडका होता, विहिरी आटल्या होत्या आणि माणसे पोटामागे शहरास जात होती. सरकारी नोकरास शिक्षा म्हणून येथे धाडतात, अशी गावाची ख्याती होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगराच्या उतारावर समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली. मोकाट चराईस बंदी केली, कुऱ्हाडीस बंदी केली. गवत हवे त्याने विळ्याने कापून न्यावे, गुरू डोंगरावर सोडू नये, असा नियम झाला. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही ठरले. २००४ पासून दरसाल पाण्याचा हिशोब मांडून पिके ठरू लागली. पाऊस वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी, तरी विहिरींस पाणी आले. गवत वाढले तसे दूध वाढले. एके काळी दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास निघणारे दूध हजारो लिटरांवर गेले.

ही लक्ष्मी कोठून आली? आकाशातून पाऊस जास्त पडला नाही. गवताच्या मुळाने माती धरली, मातीने पाणी धरले, पाण्याने गाव धरले. इतकीच ती विद्या आहे. पण बंधूंनो, ज्यांनी चर खणले ते हात आता थकले. २००० नंतर जन्मलेल्या पोराने डोंगर हिरवाच पाहिला आहे, त्यास तो आयता वाटणार. कुऱ्हाडबंदी ही वडिलांची एक खोड, असे त्यास उद्या वाटले तर दोष कोणाचा? ठराव कागदावर असतो आणि कागद फाटतो. ज्या पोराने पाचव्या वर्षी मारवेलाचा ठोंब हाताने उपटून त्याच्या मुळांस चिकटलेला मातीचा गड्डा पाहिला, त्यास चराईबंदीचे कारण दुसऱ्याने सांगावे लागत नाही. डोंगर राखावयाचा असेल तर पहारेकरी पोराच्या मनात बसवला पाहिजे आणि तो लहानपणीच बसतो. हे हिवरे बाजारास लागू आहे, तितकेच तुमच्या-आमच्या गावासही लागू आहे.

आता आमच्या शाळा काय करतात ते पाहा. पोर शाळेत येण्यापूर्वी रानात चार गोष्टी पाहून आलेले असते. शाळा त्यास प्रथम सांगते, ‘गप्प बस, बाहेर पाहू नकोस.’ मग तेच बाहेरचे जग पुस्तकातल्या चित्रात दाखवते आणि त्यावर परीक्षा घेते! सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे असा निकाल दिला. त्याचे पुस्तक झाले, प्रश्नपत्रिका झाली, पण बहुतेक ठिकाणी शाळेच्या कुंपणामागचे तरवडाचे झुडूप आजही निनावीच उभे आहे. जे प्रत्यक्ष समोर आहे त्याचे चित्र काढून शिकवणे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पाण्याचे वर्णन वाचणे होय.

आणि दोष एकट्या शाळेचा नव्हे. आम्हीही कमी नाही. पोराच्या सदऱ्यास माती लागली की आम्हांस लाज वाटते. कर्ज काढून त्यास टाय बांधतो, पिवळ्या गाडीत बसवून दहा कोसांवर धाडतो आणि ते ‘रोज’ म्हणजे गुलाब असे घोकू लागले की आमची छाती फुगते. गुलाबाशी आमचे वैर नाही, इंग्रजीशी तर मुळीच नाही. परंतु गुलाब येतो आणि घरामागची तूर ओळखू येत नाही, ही विद्या कोणत्या बाजारात खपणार?

बांधावर काय काय शिकता येते त्याचा नमुना देतो. भुईमुगाचा वेल पोराकडून हळूच उपटवा. शेंग जमिनीत लागते म्हणून ते तिला मूळ म्हणेल. मग त्यास दाखवा की पिवळे फूल वर लागले, फुलाखालून आरी निघाली, ती खाली वाकून मातीत घुसली आणि तेथे शेंग झाली. शेंग मुळाची नव्हे, फुलाची! हरभऱ्याचे मूळ धुऊन दाखवा. त्यावर बारीक गाठी दिसतील. गाठ नखाने फोडली तर आत तांबूस दिसेल. तेथे सूक्ष्म जीव राहतात आणि हवेतला नत्र झाडास देतात. म्हणून डाळीच्या पिकामागे जमीन सुधारते, हे आजोबा अनुभवाने जाणतात आणि पोर कारणासकट जाणील. ओल्या फडक्यात ज्वारी व हरभरा बांधून ठेवा. चार दिवसांत एकास एक पान आणि दुसऱ्यास दोन दले दिसतील. रुईच्या पानावर पट्ट्यापट्ट्यांची अळी शोधू द्या. जे पान शेळीही सहसा तोंडात धरीत नाही ते खाऊन तिचे फुलपाखरू कसे होते, हे पोर स्वतः पाहील.

यात जीवाची राखणही आहे. चंद्रज्योतीच्या बिया गोड लागतात म्हणून खाऊन मुले वांत्यांनी बेजार होतात, दवाखान्यात न्यावी लागतात. असे प्रसंग आपल्या महाराष्ट्रात पुन्हापुन्हा घडतात. धोतरा, गुंज व एरंड यांच्या बियांत विष आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यास इजा होते. गाजरगवत परदेशातून आले, १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम ध्यानात आले आणि आज ते प्रत्येक बांधावर आहे. त्याने अंगास खाज सुटते. पोरास रानापासून दूर ठेवल्याने ही झाडे नाहीशी होत नाहीत, फक्त पोर आंधळे राहते. साप-विंचवाचे भय सांगणाऱ्यांसही आमचे हेच उत्तर आहे. मोठ्या माणसाचे बोट धरून दिवसाउजेडी गेलेले पोर कोठे हात घालू नये हे शिकते.

कोणी शहाणा म्हणेल, ‘शेतकऱ्या-बलुतेदारांस वनस्पतींचे शास्त्र काय कळणार?’ त्यास आम्ही मलबारातली गोष्ट सांगतो. डच अंमलदार व्हान ऱ्हीड याने तेथील वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला आणि पुढे लिनियससारख्या शास्त्रज्ञाने त्याचा आधार घेतला. त्या ग्रंथास झाडांचे ज्ञान पुरवणाऱ्यांत मुख्य होता इट्टी अच्युतन नावाचा वैद्य, ताडी काढणारी म्हणून हिणवलेल्या ईळव जातीचा! इतके दूर कशास जावे? आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. त्यांनी गावठी वाणांचे बियाणे जपून बीज बँक उभी केली आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान आमच्या घरी होतेच. त्यास अक्षराची जोड मिळू दिली गेली नाही, हे खरे दुखणे.

आता एक आक्षेप उरतो आणि तो आमच्याच बांधवांचा आहे म्हणून आम्ही त्यास मान देतो. ते म्हणतात, ‘आम्ही जन्मभर गुरे राखली. पोराने तरी राखू नयेत म्हणून शाळेत घातले. तुम्ही त्यास पुन्हा रानातच धाडता?’ ही भीती फुकाची नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी अशी योजना काढली की मुलांनी काही तास शाळेत बसावे आणि उरला वेळ घरी बापाचा धंदा शिकावा. म्हणजे चांभाराच्या पोराने चामडे व कुंभाराच्या पोराने चाकच धरावे! लोक खवळले, राजगोपालाचारींस पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज यांनी ती योजना मोडीत काढली. ठीकच केले. तसला डाव पुन्हा कोणी मांडील तर आम्ही त्याच्या आडवे येऊ.

पण आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. त्या योजनेत बापाची विद्या त्याच्याच पोराच्या गळ्यात बांधली जात होती. आम्ही म्हणतो, गावाची विद्या सर्व पोरांस एकत्र मिळावी. नांगरास व गाडीच्या चाकास बाभूळच का आणि मुसळास खैर का, हे सुताराने वर्गातल्या सर्वांस सांगावे. घायपाताचा वाख कसा काढतात, हे दोर वळणाऱ्याने सांगावे. कोणते गवत कोणत्या महिन्यात गोड, हे धनगराने सांगावे. आणि ते ऐकणाऱ्या बाकावर पाटलाची मुलगी व मजुराचा मुलगा शेजारी बसावेत. अशाने जात घट्ट होत नाही, सैल होते. रानातून परतल्यावर पोराने जे पाहिले ते पाटीवर लिहिले पाहिजे, मोजले पाहिजे, त्याचे चित्र काढले पाहिजे. अक्षराशिवाय रान म्हणजे गुराखीपण आणि रानाशिवाय अक्षर म्हणजे पोपटपंची.

हे आमचे नवे खूळ नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. त्यात खेड्यांतील शाळांत लिहिणे-वाचणे व हिशोबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि त्यास जोडून प्रत्यक्ष शिकण्यापुरते लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे त्यांनी मागितले. शिक्षकही असा हवा की ज्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही! पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी पोरे शाळेत येत ना, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. पाने, बिया, काड्या, शिंपले हीच तेथील साधने. हे सारे होऊन गेले, तरी आमची बालवाडी अजून चार भिंतींत कोंडलेलीच!

तेव्हा करावयाचे काय? ग्रामसभेत उभे राहून मागा की अंगणवाडीची व चौथीपर्यंतची मुले आठवड्यातून एक सकाळ रानात नेली जावीत. बरोबर शिक्षक असावा आणि गावातला एक जाणता असावा, मग ती निंदणी करणारी म्हातारी का असेना. ओळखल्याशिवाय तोंडात घालू नये आणि गरजेशिवाय तोडू नये, हे दोन नियम पुरेत. प्रत्येक पोराने एक झाड आपले म्हणावे आणि त्याची पालवी, फूल, शेंग, पानगळ वर्षभर पाहून महिन्यावार लिहावी. खर्च शून्य आहे. निधी आला नाही ही सबब येथे चालणार नाही.

आणि शाळेने ऐकले नाही, तर बंधुभगिनींनो, रविवार तुमचा आहे. खुरपणीस जाताना पोरास बरोबर न्या. राबवण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. ते एका झाडाचे नाव विचारील. ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर दोघे मिळून शेजारच्या म्हातारीस विचारा. डोंगर हिरवा करावयास हिवरे बाजारला वर्षानुवर्षे घाम गाळावा लागला. तो उघडा पडावयास एक अडाणी पिढी पुरे आहे, मग ती पदवीधर का असेना.