पोराची वही बघू नका, त्याचं इंग्रजी ऐका

गेल्या २६ जानेवारीला आमच्याकडच्या एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नाही. दुसरीतल्या एका पोरानं इंग्रजीत भाषण केलं. हात मागं बांधून, एका दमात बारा-पंधरा वाक्यं. टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला जवळ बोलावलं आणि सहज इंग्रजीत विचारलं, "हू केम विथ यू टुडे?" पोरगं थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिलं. मग हात मागं बांधले आणि भाषण पहिल्यापासून परत सुरू केलं.

सगळे हसले, मीपण हसलो. त्याची आई मागंच उभी होती, ती मात्र हसली नाही. तिनं मला विचारलं, "सर, म्हणजे ह्याला इंग्लिश येत नाही काय?" त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. थोडं लांबलंय, पण घरात पहिली-दुसरीतलं पोर असेल तर वाचाच.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान पोरांना इंग्रजीत सगळ्यात आधी शिकवायचं ते ऐकणं आणि बोलणं. वाचन त्याच्यानंतर, आणि स्पेलिंग-लेखन सगळ्यात शेवटी. आपण नेमका उलटा गाडा हाकतोय.

हे असं का झालं ते बघू. आपल्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्यावर तेव्हा वादही झाला. पण खेड्यातल्या पोरालाही इंग्रजी लवकर मिळावं हा हेतू चांगला होता आणि मी आजही त्याच्या बाजूनं आहे. घोळ पुढं झाला. इयत्ता पाचवीची पहिली झाली, शिकवायची पद्धत मात्र पाचवीचीच राहिली. आधी ए-बी-सी-डी, मग स्पेलिंग, मग उतरवून काढा.

आपल्या साताऱ्याचंच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजवाड्यावरच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झाले. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांचा प्रवेश झाला तो 'इंग्रजी पहिली'च्या वर्गात. तेव्हा मराठी चार इयत्ता झाल्या की मग इंग्रजी पहिली यायची. म्हणजे पोराला मराठी नीट लिहिता-वाचता यायचं, वय नऊ-दहा असायचं. अशा पोराला अक्षरं आणि व्याकरण यांच्या वाटेनं दुसरी भाषा शिकवता येते. आज सहा वर्षांच्या पोराला अजून मराठीचा 'ळ' धड काढता येत नाही, आणि त्याच महिन्यात आपण त्याला चाररेघी वहीत इंग्रजीच्या दोन-दोन लिप्या काढायला लावतो. मोठं 'जी' वेगळं, छोटं 'जी' वेगळं. त्याचा सगळा जीव अक्षर काढण्यात जातो, भाषेपर्यंत ते पोचतच नाही.

मग सहा वर्षांचं पोर भाषा कशी शिकतं? त्यासाठी लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात विटा, आटपाडी, खानापूर, आणि इकडं खटाव-माण. या भागातली हजारो माणसं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरलीत. केरळ, तमिळनाडू, आंध्र, पार उत्तरेपर्यंत. दहावी नापास झालेलं पोरगं कोईमतूरला काकाच्या दुकानात जातं आणि वर्षा-दीड वर्षात गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये घासाघीस करतं. त्याला तमिळ अक्षर एक ओळखता येत नाही. तिथं जन्मलेली ह्यांची पोरं तर दिवाळीला गावी आली की आजीशी मराठीत, भावाशी तमिळमध्ये आणि मोबाईलवर हिंदीत बोलतात. कुणी त्यांना स्पेलिंग घोकायला लावलं नव्हतं. आधी कानावर पडलं, मग तोंडात आलं. चुकलं तर लोक हसले, पण समजलं. जत तालुक्याच्या पूर्व भागात जा. तिथं शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्याही कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात. ज्या मुलखात माणसं अशा सहज दोन-तीन भाषा बोलतात, तिथं पोरं दहा वर्षं इंग्रजी शिकून गप्प बसतात. दोष पोरांच्या डोक्यात कसा असेल?

आता स्पेलिंगचं बघू. आपली देवनागरी बऱ्यापैकी जसं बोलतो तसं लिहायची लिपी. 'क' दिसला की 'क' म्हणायचं, विषय संपला. इंग्रजीत एकच 'सी' कधी क होतो, कधी स. 'बट' आणि 'पुट' यांचं मधलं अक्षर एकच, उच्चार दोन. ज्या पोराला तो शब्द आधीच बोलता येतो, त्याला हे वाकडंतिकडं स्पेलिंग बघून निदान ओळख तरी पटते. ज्यानं तो शब्द कधी ऐकलाच नाही, त्याच्यासाठी ती नुसती अक्षरांची रांग. मग तो 'सी-ए-टी कॅट' असं पाढ्यासारखं पाठ करतो. त्यात अक्षरांची नावं आहेत, आवाज नाहीत. क-अॅ-ट असे आवाज जोडायला शिकवलं तर वाचन येतं, पण ती पायरी दुसरी. पहिली पायरी कानाची.

आणि हे शिक्षकांना माहीत नाही असं समजू नका. एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंशी मी यावर बोललो. त्या म्हणाल्या, "सर, मला सगळं समजतंय. पण बोललेलं वहीत दिसत नाही. पालक वही बघतात, साहेब आले की वही बघतात. दिवसभर पोरांशी इंग्रजीत खेळले आणि वही कोरी राहिली, तर मी काहीच शिकवलं नाही असं होतं."

खरी गोम इथं आहे. बालभारतीच्या पहिलीच्या इंग्रजी पुस्तकात चित्रं आहेत, गाणी आहेत, ऐकायचं-बोलायचं काम आहे. पुस्तक त्या बाजूचंच आहे. पण आपण सगळे मिळून मोजतो ते वहीतलं. जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं.

वरच्या वर्गातही तेच. दहावीला भाषेच्या पेपरात ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातातले, त्यात तोंडी परीक्षा. हे २० गुण खिरापतीसारखे वाटले जातात अशी ओरड झाली, म्हणून २०१८-१९ ला ते काढून टाकले. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्याच वर्षी गुण परत आले. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती टक्केवारीची. पोरांना बोलता येतं का, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा यावरून राज्य पेटलं. शेवटी २९ जूनला सरकारनं निर्णय मागं घेतला. तो वाद गरजेचा होता, मीही त्यात लिहिलं. पण जी दुसरी भाषा पंचवीस वर्षं पहिलीपासून चालू आहे, ती पोरांना कितपत येते यावर एक दिवस तरी बोलायला हवं होतं.

माझंच सांगतो. पाचवीपासून इंग्रजी, पुढं पत्रकारितेचा डिप्लोमा. इंग्रजी पेपर रोज वाचतो, बातमी भाषांतरित करतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका पत्रकार परिषदेत दिल्लीचे अधिकारी आले होते. विषय पाण्याचा, प्रश्न माझ्या तालुक्याचा, आकडे माझ्या खिशात. मनात वाक्य जुळवत बसलो. 'हॅज' की 'हॅव' करेपर्यंत परिषद संपली. प्रश्न तसाच घेऊन घरी आलो. व्याकरणात मला कधी कमी मार्क नव्हते. आमची डिप्लोमा-इंजिनिअर पोरं पुण्याला मुलाखतीला जातात आणि अशीच परत येतात, तेव्हा मला तो दिवस आठवतो.

आता कुणी म्हणेल, गुरुजींनाच इंग्रजी बोलता येत नाही तर पोरांना काय बोलवणार? प्रश्न रास्त आहे. वाडी-वस्तीवर द्विशिक्षकी शाळा, एका गुरुजीकडं दोन-तीन वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची. पण पहिली-दुसरीला फाडफाड इंग्रजी लागतच नाही. बस, ऊठ, दार लाव, पाणी पिऊन ये, तुझी पेन्सिल कुठाय, आज डब्यात काय आणलंस. अशी चाळीस-पन्नास वाक्यं रोज तीच तीच वापरली तरी वर्षभरात पोरं त्यात उत्तर द्यायला लागतात. आणि गुरुजींचा आवाज पुरत नसेल तर दुसरा आवाज आणता येतो. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं प्राथमिक शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम तयार केला होता. रेडिओवरचा आवाज सांगायचा, पोरं ऐकून कृती करायची, उत्तर द्यायची. आज तर प्रत्येक गुरुजीच्या खिशात मोबाईल आहे.

उच्चार साहेबासारखा नको. आपला सातारी-सांगली हेल राहू दे की. समोरच्याला कळलं म्हणजे झालं.

तर मागणी एवढीच. शिक्षण विभागानं पहिली-दुसरीच्या इंग्रजीत वही तपासणं बंद करावं. साहेब शाळेत आले की त्यांनी वही न मागता दोन पोरांशी दोन मिनिटं इंग्रजीत बोलावं, आणि शेरा त्यावर लिहावा. गॅदरिंगला पाठ भाषणाऐवजी दोन पोरांचा साधा संवाद ठेवावा, अडखळला तरी चालेल. आणि पालकांनी संध्याकाळी 'किती पानं लिहिलीस' हे विचारायचं सोडून 'आज इंग्रजीत काय बोललास, मलापण शिकव' असं म्हणावं. आईबापाला इंग्रजी येत नसलं तर उलट बरंच. पोरगं शिकवायला लागलं की त्याला आपोआप येतं.

त्या आईला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आता देतो. ताई, तुमच्या पोराची पाठांतराची ताकद जबरदस्त आहे. इंग्रजी त्याला अजून येत नाही. पण त्यात त्याची चूक नाही, आणि सात वर्षांच्या पोराला अजून उशीर झालेला नाही.

शिक्षक मित्रांनी, विशेषतः पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंनी आणि गुरुजींनी कमेंटमध्ये आपला अनुभव लिहा. माझं कुठं चुकत असेल तर तेही सांगा. आणि पटलं असेल तर तुमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाका, साहेबांपर्यंत ते आपोआप जाईल.