पेटीतला साप आणि आमची दया

श्रावण शुद्ध पंचमीस इंदूरहून सांवेर रोडने उज्जयिनीकडे निघालेल्या यात्रेकरूंची ओढ एकच असते. महाकालेश्वर मंदिराच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे द्वार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडते. कारखान्यांच्या रांगा मागे टाकीत, सांवेरच्या उलट्या हनुमंताला हात जोडीत ही मंडळी पुढे जातात. वाटेत एखाद्या गारुड्याने टोपली उघडली, तर तिच्यातील नागापुढे दुधाची वाटी ठेवण्यास दहा हात पुढे होतात. त्याच हातांना सांगून पाहा, की बाबांनो, सापाचे अन्न दूध नव्हे, उंदीर आहे. ते तत्काळ कानांवर जातील!

आमच्या दयेचे खरे दुखणे हेच आहे. नाग आम्हास देव म्हणून हवा, परंतु त्याची भूक आम्हास नको. गारुडी त्याला दिवसचे दिवस पाण्यावाचून ठेवतो, त्याचे दात उपटतो. तहानेने व्याकुळ झालेला तो जीव मग पुढे येईल ते पितो. ते दूध त्यास पचत नाही, आणि आम्ही पुण्य पदरी पडले म्हणून घरी परततो.

आता ह्या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. नाग, धामण, अजगर हे आपले साप पकडणे व पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. परंतु आफ्रिकेतून आलेला बॉल पायथन जातीचा अजगर हौशी लोक काचेच्या पेटीत पाळतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. हौसेबरोबर वादही आला : ह्या सापास जिवंत उंदीर द्यावा, की आधी मारून गोठविलेला?

जिवंत उंदराचे पुरस्कर्ते म्हणतात, जीवावर जीव जगतो, हा सृष्टीचा नियम आहे. रानात सापाला मेलेला उंदीर कोण आणून देतो? आमचे उत्तर असे, की रानात काचेची पेटीही कोणी आणून देत नाही. शेताच्या बांधावर उंदराला बीळ असते, पळावयास वाट असते. धामण दहादा चुकते तेव्हा एकदा साधते. पेटीत सापाला माघार नाही आणि उंदरालाही नाही. तो सृष्टीचा नियम नव्हे, तो माणसाने रचलेला सापळा होय. शिवाय भयाने वेडा झालेला उंदीर स्वस्थ मरत नाही; तो सापाला कडकडून चावतो आणि त्या जखमा कित्येकदा चिघळतात. मग ह्यात हित कोणाचे? बहुधा पाहणाऱ्याच्या करमणुकीचे! केवळ करमणुकीसाठी एका प्राण्यास दुसऱ्याचे भक्ष्य होईल असे कोंडणे, हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वये अपराध आहे, हे ह्या हौशी मंडळींनी ध्यानात धरावे.

‘साप मेलेले खात नाही’ हा दुसरा आक्षेप. तोही बहुतांशी आळसाचा आहे. गोठविलेला उंदीर शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळू द्यावा, मग गरम पाण्याने त्याला जिवंत देहाची ऊब आणावी आणि लांब चिमट्याने सापापुढे हळूहळू हलवावा. अजगराच्या ओठांवरील खळग्यांना ती ऊब जाणवते आणि तो झडप घालतो. पहिल्या वेळी त्याने तोंड फिरविले, तर धीर धरावा. निरोगी प्रौढ अजगरास काही दिवसांचा उपवास सहज सोसतो. मात्र उंदीर जिवंतपणीच बर्फात टाकून मारणे हेही क्रौर्यच. तो त्वरेने, यातना न देता मारलेला असला पाहिजे.

‘आमच्या सोवळ्याच्या घरात मेलेले उंदीर कसे ठेवावे?’ असे कोणी विचारील. त्यास आमचे सांगणे स्पष्ट आहे : मग साप ठेवू नये. ज्याच्या अन्नाची किळस येते त्याला कोंडण्याचा अधिकार कोणी दिला?

महाभारतातील शिबिराजाची कथा आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो. कपोत शरण आला, म्हणून राजाने ससाण्याची भूक खोटी ठरविली नाही. त्याने ससाण्यापुढे धान्याची रास ओतून दयेचा देखावाही केला नाही. दोघांचेही न्याय्य मागणे मान्य करून त्याने आपल्या मांडीचे मांस तराजूत घातले. दया करणाराने तिची किंमत स्वतः मोजावी, हे त्या कथेचे मर्म आहे. आमच्याकडे कोणी मांडी मागत नाही. थोडी किळस गिळण्यास आणि एक तमाशा सोडण्यास तेवढे सांगितले जात आहे.

आणि ज्यांना नागाची भक्तीच करावयाची आहे, त्यांना वाट आपल्या वाडवडिलांनी कधीच दाखवून ठेविली आहे. गोमंतकात व कोकणात मातीचा नाग पाटावर बसतो, हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचा नैवेद्य होतो. देशावर त्या दिवशी नांगर चालत नाही, विळीवर काही चिरले जात नाही. ह्या पूजेत नागाला हात लावावा लागत नाही. तो आपल्या वारुळात असतो, आणि आपण त्याच्या वाटेतून बाजूला होतो. नागपंचमीचे खरे व्रत तेच होय.