दहावी कुठे करायची ते नववीच्या आधी ठरवा

नीटचा निकाल लागला की कोकणातल्या घराघरांतून एक प्रश्न दरवर्षी फिरतो. मुलगा कुवेत किंवा दोहात वाढला, तिथल्या भारतीय शाळेतून सीबीएसईची दहावी केली, मग अकरावी-बारावीला चिपळूण नाहीतर मुंबईला आला. जन्म रत्नागिरीचा, रेशनकार्डावर नाव, अधिवासाचा दाखलाही काढलेला. मार्कही बरे पडले. मग राज्याच्या कोट्यातून मेडिकलला प्रवेश का नाही?

कारण दहावी. महाराष्ट्रात मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास असून भागत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्याच शाळा-कॉलेजातून पास व्हावं लागतं. बोर्ड कोणतंही चालेल, जागा महाराष्ट्रातलीच हवी. सरकारी नोकरांच्या मुलांना यात काही सवलती आहेत, पण आखातात खासगी कंपनीत राबणाऱ्या बापाच्या मुलाला त्या लागू नाहीत. त्याच्यासाठी उरतो देशपातळीवरचा १५ टक्के कोटा, अभिमत विद्यापीठं, नाहीतर एनआरआय कोटा. शेवटच्या दोन्हींची फी ऐकली तर इथला चार खोल्यांचा बंगला विकायची वेळ येते.

गंमत अशी की अकरावीच्या प्रवेशाला कुणी अडवत नाही. दहावी बाहेरून केलेल्या मुलालाही ऑनलाइन फॉर्म भरून कॉलेज मिळतं. त्यामुळे आई-वडिलांना वाटतं, आलं पोर घरी, झालं काम. खरी अडचण दोन वर्षांनी कळते, आणि तेव्हा दहावी परत करता येत नाही.

आता याच्या उलट बाजू बघा. मुलाला इंजिनीअरिंग करायचं असेल तर हिशेब वेगळाच आहे. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांमध्ये आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. प्रवेश जेईई मेनच्या रँकवर, आणि फी तिथल्या इतर भारतीय मुलांएवढी, डॉलरमधली नाही. पण अट अशी की अकरावी आणि बारावी परदेशातच झालेली हवी. म्हणजे जो मुलगा ‘बारावीचे क्लास चांगले मिळतील’ म्हणून अकरावीला गावी आणला, त्याची ती वाट बंद. राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचं तसं नाही. तिथे आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले तर बाहेर शिकलेल्या मुलालाही अर्ज करता येतो.

थोडक्यात, डॉक्टर व्हायचं तर दहावीच्या आधी परत या आणि एनआयटी हवी तर बारावीपर्यंत तिथेच राहा. दहावी तिकडे आणि बारावी इकडे हा मधला मार्ग दोन्हीकडून मार खातो. आणि आमच्या पाहण्यात आपली बहुतेक कुटुंबं नेमकी तीच वाट धरतात, कारण दहावी संपली की शाळा बदलणं सोपं जातं.

यात आणखी एक नियम आडवा येतो. सीबीएसई नववी-दहावी हा एकच अभ्यासक्रम मानते. नववीला नोंदणी झाली की थेट दहावीत शाळा बदलणं अवघड, बदली वगैरे ठोस कारण दाखवावं लागतं. त्यामुळे आणायचंच असेल तर नववी सुरू होताना. त्याहून आधी, सातवी-आठवीला, आणलं तर अधिक बरं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. तिकडे हिंदी, अरबी, फ्रेंच शिकलेलं पोर घरात कोकणी बोलत असलं तरी मराठीचं पान वाचताना अडखळतं. त्याला वर्ष-दोन वर्षं मिळायला हवीत.

हे सगळं कागदावर सोपं दिसतं. घरात ते सोपं नसतं. चौदा वर्षांच्या मुलाला नानीकडे ठेवायचं की अम्मीने सगळ्यांना घेऊन परत यायचं आणि अब्बांनी पुन्हा बॅचलर रूममध्ये पथारी टाकायची? सौदीतल्या हजारो कुटुंबांपुढे हा प्रश्न २०१७ मध्ये एकाएकी आला. त्या जुलैपासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला १०० रियाल फी लागली आणि दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ती ४०० वर गेली. बायको आणि तीन मुलं म्हणजे महिन्याला १,६०० रियाल, शाळेची फी वेगळी. लोकांनी कुटुंबं परत पाठवली ती इकामा कधी संपतो ते बघून. मूल कितवीत आहे हे कुणी पाहिलं नाही, आणि पाहायला सवडही नव्हती. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण आता ज्यांच्या हाती तीन-चार वर्षं आहेत त्यांनी तरी व्हिसाच्या तारखेबरोबर मुलाची इयत्ता लिहून ठेवावी.

मुलींबाबत एक बोलायलाच हवं. मुलगी सातवी-आठवीत गेली की ‘आता गावी ठेवू’ आणि मुलगा मात्र बारावीपर्यंत तिकडेच, हे अनेक घरांत होतं. त्यामुळे न ठरवता मुलीची दहावी महाराष्ट्रात होते आणि राज्य कोट्याचा हक्क तिच्याकडे येतो, भावाकडे नाही. मग तिलाच नीटच्या क्लासला घालायचं सोडून घरात खर्च भावाच्या एनआरआय सीटसाठी होतो, तेव्हा हिशेब कुणाचा चुकला?

सीट हुकली की पुढचा फोन एजंटचा असतो. किर्गिझस्तान, जॉर्जिया, उझबेकिस्तान. अठराव्या वर्षी मुलाला तिकडे धाडण्याआधी २०२१ चे नियम वाचा: कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, इंटर्नशिप १२ महिने त्याच संस्थेत आणि भारतात पुन्हा १२ महिने. त्या देशात डॉक्टरकी करायचा परवाना मिळण्याची पात्रताही हवी. यातलं एक जरी बसलं नाही तर इथली परीक्षा देता येत नाही. नीट पात्र असणं तर आधीच सक्तीचं आहे. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला तेव्हा आपल्याकडच्या किती आया रात्रभर फोन धरून बसल्या होत्या, हेही आठवून पाहा. एजंट या गोष्टी माहितीपत्रकात छापत नाही.

कागदांचंही तेच. वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, हे सगळं सुट्टीत गावी आल्यावर काढून ठेवा. मुस्लिम ओबीसींना तर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो जुन्या शाळेच्या रजिस्टरात मिळतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या शाळेचं ऑफिस बऱ्याचदा बंद असतं. सुट्टी टाकताना तेवढं बघून टाका.