टॅबला समास नसतो



पिकाची नोंद आधी. मालदांडी पोटरीत आलीय, थंडी बरी पडतीय, मावा अजून दिसला नाही. आजची बाकी नोंद शेताची नाही, शेतकऱ्याच्या पाहणीची आहे. यंदाच्या हंगामात आमच्या गावात टॅब घेऊन आलेली ही तिसरी तुकडी. पोरं चांगली होती, मराठी बोलणारी होती, चहा घेऊन गेली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यांच्या हातातल्या फॉर्मबद्दल आहे, आणि तो बनवणाऱ्यांनी ही पोस्ट वाचावी म्हणून लिहितोय.

माझा दोन एकराचा तुकडा आहे. त्यात सोयाबीनच्या चार ओळी, मग तुरीच्या दोन, असं आंतरपीक घेतलं होतं. टॅबनं विचारलं, सोयाबीनखाली क्षेत्र किती? दोन एकर. तुरीखाली किती? दोन एकर. लगेच लाल अक्षरात सूचना आली की पिकांचं क्षेत्र तुकड्याच्या क्षेत्रापेक्षा जास्त होतंय, आणि पुढचं पान उघडेना. पोरगं म्हणालं, "काका, एक-एक एकर टाकू का? नाहीतर पुढं जाता येत नाही." आणि टाकलं त्यानं.

आता हिशोब बघा. त्या तुकड्यात सोयाबीन नऊ क्विंटल झालं आणि तूर पाच. टॅबच्या लेखी माझा उतारा झाला एकरी नऊ क्विंटल सोयाबीन आणि एकरी पाच क्विंटल तूर, दोन्ही सलग पिकं. रानात खरं काय होतं? दोन एकरांत मिळून नऊ आणि पाच. उद्या कुणी अभ्यासक ती फाईल उघडेल आणि म्हणेल, या भागात आंतरपीक कुणी घेत नाही, सलग तूर मात्र चांगली येते. कृषी सहायक मंडळी, तुम्हीच सांगा, या आकड्यावरून शिफारस काढली तर ती कुणाच्या रानात लागू पडणार?

कागदावर हेच झालं असतं तर? पाहणी करणाऱ्यानं समासात लिहिलं असतं, "मिश्र पीक, ४:२." कागदाला समास असतो, टॅबला नसतो. सगळं भांडण इथंच आहे.

माझं म्हणणं असं की डिजिटल पाहणीत उत्तर दारात ठरत नाही. ते फॉर्म बनवताना, कुठल्या तरी शहरात, आधीच ठरलेलं असतं. कोणते पर्याय द्यायचे, कुठली रक्कम चूक मानायची, कशावर लाल सूचना द्यायची, हे तिथं ठरतं आणि तिथं शेतकरी नसतो. नंतर आपल्याला विचारतात, तेव्हा आपण फक्त बोट ठेवायचं.

कुणी म्हणेल, जुन्या पाहण्या काय सोन्याच्या होत्या? नव्हत्या. कागद हरवायचे, आकडे भरताना चुका व्हायच्या, निकाल यायला वर्षं जायची. टॅबमुळं ते बरंच सुधारलंय, ते मी नाकारत नाही. पण जुन्यांतल्या चांगल्या पाहण्या चांगल्या का होत्या ते तरी बघा. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला, जिथं आज आयटीवाल्यांच्या इमारती आहेत त्याच गावाचा. जमिनीचे किती तुकडे झालेत, कर्ज किती, हे एका गावात बसून काढलं. पुढं १९७५ ला इक्रिसॅटनं सहा गावं धरली. त्यातली दोन आमच्या सोलापूर जिल्ह्यातली, शिरापूर आणि कळमण, आणि दोन अकोल्याची, कान्झरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरं, तीस शेतकऱ्यांची आणि दहा भूमिहीन मजुरांची. पाहणी करणारा माणूस गावातच राहायचा, तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी परत जायचा. कुठल्या तुकड्यात काय पेरलं, किती मजूर लागले, सगळं तुकड्यागणिक. शेतकरी मिश्र पीक का घेतो यावर एन. एस. जोधा यांनी जे लिहिलं, ते अशाच गावातल्या कामातून. शास्त्रज्ञांच्या शिफारशी तोवर बहुतांशी सलग पिकाच्या असायच्या. शेतकरी मिश्र पीक अडाणीपणानं घेत नाही, हिशोबानं घेतो, हे त्या नोंदींतून दिसलं. तिथं एक एकर-एक एकर करून टाकलं असतं तर काय दिसलं असतं?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बटई.

आमच्याकडं कितीतरी रान बटईनं किंवा खंडानं कसलं जातं आणि ते सगळं तोंडी असतं. कागद होत नाही, कारण १९४८ च्या कुळकायद्याची धास्ती मालकाच्या मनातून गेलेली नाही. सातबाऱ्यावर नाव मालकाचं, घाम बटईदाराचा. आता टॅब काय करतो? आधी जीपीएस घेतो, मग फोटो घेतो, नाव-नंबर घेतो, आणि मग विचारतो, "जमीन स्वतःची की दुसऱ्याची?" कोण खरं सांगेल? मालकाच्या कानावर गेलं तर पुढच्या पाडव्याला रान सुटणार. बटईदार म्हणतो, मजुरी करतो. झाली नोंद, शेतमजूर. आपण इंच न इंच मोजल्याचा आनंद संशोधकाला होतो आणि शेती कोण करतंय हेच त्याच्या हातून निसटतं.

यावर एका कार्यशाळेत ऐकलेलं उत्तर: "शेतकरी खोटं बोलतात, म्हणून तर जीपीएस पाहिजे." वा! माणूस घाबरून गप्प बसतोय, त्याला आणखी घाबरवून बोलतं करणार. त्या गावात मुक्काम करणाऱ्या इन्व्हेस्टिगेटरला कुणाचं रान कोण कसतंय हे पारावर बसल्याबसल्या कळायचं.

आणि हे नुसतं संशोधनापुरतं राहत नाही. गारपीट झाली, भरपाई आली, ती सातबारावाल्याच्या खात्यात. बी, खत, फवारणी ज्यानं उधारीवर केली तो कोरडा. बटईदार किती आहेत हे आकड्यांत पुरतं दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी योजना होत नाही. योजना नाही म्हणून तो सांगत नाही. हे चक्र तोडायचं काम समाजशास्त्रज्ञांचं होतं. त्यांनी जीपीएस लावला.

आकड्यांचं वजन किती असतं ते बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१९ साली, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. याच आकड्यावर संसदेत, टीव्हीवर, आपल्या कट्ट्यावर वाद झाले. पण शेतकरी कुटुंब म्हणजे कोण? वर्षाला ४,००० रुपयांपेक्षा जास्त शेतीमाल आणि घरातलं निदान एक माणूस शेतीत स्वतःच्या धंद्यावर. ही रेघ कुणीतरी आधी ओढली. २००३ च्या पाहणीत जमीन कसत असणं गरजेचं होतं, २०१३ ला ती अट गेली. रेघ हलली की शेतकरी हलतो. रेघ लागतेच, त्याला हरकत नाही. ती ओढताना आम्हाला कुणी विचारलं का, एवढंच विचारतोय.

सावड, इर्जिक, वारंगुळा, गावागणिक नाव वेगळं, त्याचंही तेच. "मजुरीवर खर्च किती?" शून्य. टॅबला शून्य म्हणजे काम झालंच नाही. आणि बाईला तर विचारतच नाहीत. खुरपणीला किती दिवस लागले हे मला विचारतात, खुरपलं माझ्या बायकोनं आणि तिच्या जोडीच्या चौघींनी.

आता मागणी. विद्यापीठवाले, संस्थावाले, फॉर्म पक्का करण्याआधी तो मराठीत छापून गावात आणा. पाच शेतकरी, दोन बटईदार, दोन मजूर बायका बसवा आणि एकेक प्रश्न वाचा. लाल सूचना आली तरी "शेतकऱ्याचं म्हणणं असं" एवढं टाकून पुढं जाता आलं पाहिजे, ही सोय या टूलमध्ये करता येते, ठरवलं तर. क्षेत्र गुंठ्यात घ्या. बटईचा प्रश्न विचारायचा तर जीपीएस आणि नाव त्या पानापासून वेगळं ठेवा. मुलाखतीचं रेकॉर्डिंग होणार असेल तर आधी सांगा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण त्या माहितीवरून एकेका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानकं पाळायची, या अटीवर. ती अट आम्हाला वाचून दाखवा.

आणि निकाल घेऊन परत या. चावडीवर, मराठीत, एका पानावर. आमच्या गावाचा आकडा काय निघाला तो सांगा. तूर एकरी पाच क्विंटल असं त्या पानावर दिसलं, तर तिथंच उठून सांगू की हे कसं झालं.