धबधबा बघू द्या, पण आधी पाणी वाचायला शिकवा



जून लागला की आपल्या शिरूर-दौंड भागातली तरणी पोरं शनिवार-रविवारची वाट बघायला लागतात. कुणी कॉलेजला, कुणी रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला. पाठीवर सॅक, गाडीला किक, आणि निघाले माळशेज, लोणावळा, ताम्हिणीला! कितीतरी वेळा गाडीवर मागे शाळेत जाणारा धाकटा भाऊही बसलेला असतो.

यात वाईट काय? माझ्या मते काहीच नाही. आपला भाग पर्जन्यछायेचा. दौंडला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्याला ४००० मिलिमीटरच्याही पुढे. कड्यावरून कोसळणारं पाणी आपल्या मुलांनी पाहावं, अंगावर तुषार घ्यावेत. घोड, कुकडी, भीमा या आपल्या नद्या त्याच सह्याद्रीतून येतात. धबधबा बघणं म्हणजे आपल्या नदीचं माहेर बघणं.

पण धोकाही इथेच आहे. आपल्या मुलाला विहीर माहीत असते, कॅनॉल माहीत असतो. "मला पोहता येतं" असं तो छातीठोकपणे सांगतो. मात्र विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं आणि घाटातला ओढा धावत असतो. शिवाय धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. त्यात शरीराला तरंगायला आधार कमी मिळतो. पोहणाराही तिथे फसतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं. प्रवाहाच्या मधोमध अडकलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलं होती. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण गेले. दोन्ही घटना जूनमधल्या, आणि दोन्ही दिवशी रविवार होता.

अशा घटनांनंतर बंदीचे आदेश निघतात, फलक लागतात. ते हवेतच. पण प्रत्येक ओढ्यावर पोलीस उभा करता येत नाही. बंदी रस्त्यावर थांबवते, समज मात्र पाण्याच्या काठावर थांबवते. आणि समज देणं हे आपलं, म्हणजे शाळेचं काम आहे. आपण मुलांकडून धबधब्याची व्याख्या पाठ करून घेतो. पाणी कधी वाढतं, हे मात्र सांगायचं राहून जातं.

गणिताच्याच तासाला हे उदाहरण घ्या. ओढा २ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर. गुणाकार केला की ३ घनमीटर येतात. १ घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो. म्हणजे सेकंदाला ३ टन पाणी! ५० किलोच्या सिमेंटच्या ६० गोण्या दर सेकंदाला पायावर येऊन आदळल्या तर कोण उभं राहील? हे गणित सोडवलेलं पोर पाण्यात पाय घालण्याआधी विचार करील.

भूगोलासाठी लांब जायलाच नको. टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टसारखा कठीण खडक कोरून काढला. जे पाणी दगड कोरतं, ते माणसाला काय करील, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग या गोष्टी तोंडपाठ करून घ्या:

१. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो.
२. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की सामान सोडून लगेच काठावर या आणि उंच जागी जा.
३. प्रवाहाच्या मधल्या खडकावर फोटोसाठी जायचं नाही. शेवाळावर बुटाची पकडही सुटते.
४. कुणी वाहू लागलं तर मागे उडी मारायची नाही. दोर, काठी, ओढणी पुढे करायची आणि ११२ ला फोन लावायचा.

काही जण म्हणतील, "सर, अभ्यासक्रमच पुरा होत नाही, हे कधी घ्यायचं?" अहो, परिसर अभ्यासाचा एक तास पुरतो. चौथीतलं पोर घरी जाऊन थोरल्या भावाला हे सांगतंच, आणि थोरला भाऊ आईबापापेक्षा धाकट्याचं जास्त ऐकतो.

शाळा जूनमध्ये उघडते आणि धबधबेही जूनमध्येच वाहू लागतात. म्हणून हा धडा सहामाहीपर्यंत ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात, पहिल्या रविवारच्या आत घ्या.