पूर्णान्न आणि दुखरे पोट

‘दूध हे पूर्णान्न आहे’ हे वाक्य आपल्या शालेय पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांच्या मनावर इतके पक्के बिंबवले आहे की, त्याविषयी शंका घेणे हा जवळजवळ पाखंडीपणाच ठरतो. या श्रद्धेमागे केवळ आहारशास्त्र नाही, मोठा आर्थिक पुरुषार्थही आहे. १९४९ साली मुंबईत आरे दुग्धवसाहत उभी राहिली. १९७० साली ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली. आणि २०२३-२४ या वर्षी देशाचे दूधउत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टनांवर, म्हणजे दरडोई दररोज ४७१ ग्रॅमच्या घरात पोहोचले. अर्थशास्त्राच्या वर्गात हे आकडे सांगताना प्रस्तुत लेखकाला अभिमान वाटत नाही असे नाही. परंतु दरडोई सरासरीचा दोष असा की, तीत डोई मोजली जाते, पोट मोजले जात नाही.

दुधातील साखरेला दुग्धशर्करा किंवा लॅक्टोज म्हणतात. ती पचवण्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर असावे लागते. तान्ह्या मुलात ते भरपूर असते. पुढे बहुसंख्य माणसांत ते ओसरत जाते. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांची स्थिती हीच आहे. तेव्हा याला रोग म्हणण्यापेक्षा मनुष्यजातीचा सामान्य स्वभाव म्हणणे अधिक योग्य होईल. प्रौढपणीही दूध पूर्णपणे पचवणारे लोक हाच खरा अपवाद. आपल्या देशातही प्रांतोप्रांती फरक आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील निरोगी व्यक्तींपैकी २७.४ टक्के, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथील ६६.६ टक्के व्यक्तींना दुग्धशर्करा सोसत नसल्याचे आढळले होते. न पचलेली ही साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू ती आंबवून हायड्रोजनसारखे वायू निर्माण करतात.

येथवरची हकीकत आता बऱ्याच सुशिक्षितांना ठाऊक आहे. अडचण सुरू होते ती आतड्यांच्या क्रियात्मक विकारांपाशी. डॉक्टर ज्याला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात त्या विकारात पोट वारंवार दुखते, शौचाचा नेम बिघडतो, पोट फुगते. पण रक्त तपासा, सोनोग्राफी करा, दुर्बिणीतून आतडे पाहा, सारे काही ‘नॉर्मल’! अहवाल निर्दोष आले की घरातील मंडळी रुग्णालाच दोषी ठरवतात. एवढेसे दूध पिऊन कुणाला काही होते का, सगळे मनाचे खेळ आहेत, असा निकाल लागतो. वास्तविक या विकारात आतडे आणि मेंदू यांच्यातील संवाद बिघडलेला असतो, आणि इतरांना जाणवतही नाही एवढा ताण अशा आतड्याला वेदना म्हणून जाणवतो. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्याचे पोट बिघडते ते काही ढोंग नव्हे. एस.टी.च्या तीन तासांच्या प्रवासाआधी जो कारकून सकाळपासून काही खात नाही, त्याची भीती त्यालाच ठाऊक. हा विकार माणसाला मारत नाही. आणि जे मारत नाही त्याची आपल्याकडे गणना होत नाही.

या दृष्टीने चीनमधील एक अभ्यास फार बोलका आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिसारप्रधान विकार असलेले ६० रुग्ण आणि ६० निरोगी माणसे यांना निरनिराळ्या वेळी १०, २० व ४० ग्रॅम दुग्धशर्करा देण्यात आली. ४० ग्रॅमची मात्रा दोन्ही गटांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पुरती पचली नाही. म्हणजे विकराच्या बाबतीत रुग्ण आणि निरोगी सारखेच दरिद्री! तरीही १० ग्रॅमला त्रास झाला तो निरोगी माणसांपैकी केवळ ३ टक्क्यांना, तर रुग्णांपैकी १८ टक्क्यांना. २० ग्रॅमला हेच प्रमाण २२ आणि ४७ टक्के होते, ४० ग्रॅमला ६८ आणि ८५ टक्के. लखनौ येथील २००७ सालच्या एका अभ्यासाचा रोखही असाच होता. साखर न पचणे ही एक गोष्ट आणि त्याचा त्रास होणे ही दुसरी. पहिलीचा उगम विकरात आहे, तर दुसरीचा बऱ्याच अंशी आतड्याच्या संवेदनशीलतेत. श्वासातील हायड्रोजन मोजणारी तपासणी मुख्यतः पहिल्या गोष्टीचे उत्तर देते. रुग्णाला विचारायचे असते दुसऱ्या गोष्टीविषयी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९९५ साली, आपल्याला दूध मुळीच सोसत नाही असे सांगणाऱ्या ३० जणांना रोज २४० मिलिलिटर दूध देऊन पाहिले. एक आठवडा साधे, एक आठवडा दुग्धशर्करा आधीच फोडलेले, आणि कोणते केव्हा हे त्यांना न सांगता. दोन्ही आठवड्यांतील त्रासात लक्षणीय फरक पडला नाही. त्यांच्यापैकी नऊजणांना तर दुग्धशर्करा व्यवस्थित पचत होती. तेव्हा प्रत्येक गुरगुरीचे खापर दुधावर फोडणेही बरोबर नाही. कांदा, लसूण, गहू, हरभरा यांतील काही शर्करा मोठ्या आतड्यात अशाच आंबतात, आणि दूध सोडूनही ज्याला उतार पडत नाही त्याने आपल्या पिठल्याकडे व चटणीकडे एकदा पाहावे.

मग मार्ग कोणता? येथे अर्थशास्त्रातील सीमान्त उपयोगितेची आठवण होते. पहिल्या अर्ध्या पेल्याची उपयोगिता धन असेल, दुसऱ्याची शून्य, आणि तिसऱ्याची चक्क ऋण. दुधात शेकडा सुमारे पाच ग्रॅम दुग्धशर्करा असते. अर्धा कप चहात चाळीसएक मिलिलिटर दूध पडले तर ती दोन ग्रॅम होते. तेवढी अनेक रुग्णांनाही बाधू नये. मोठा पेलाभर दूध म्हणजे बारा ग्रॅम. पण कोजागरीला निम्मे आटवलेल्या मसाला दुधाचा पेला घेतला तर हिशेब वीस ग्रॅमच्या पलीकडे जातो, आणि पेढा-बर्फीच्या खव्यात तर ती आटून अधिकच दाट झालेली असते. याउलट चक्क्यातून व पनीरमधून पाण्याबरोबर बरीचशी साखर निथळून जाते. दह्यातील जिवाणू काही साखर स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायलाही मदत करतात, हे १९८४ साली प्रयोगाने दाखवले गेले. (ग्रहणीच्या विकारात ताकाची थोरवी चरकसंहितेने गायिली आहे; ग्रहणी आणि आजचा हा विकार एकच, असे मात्र कुणी समजू नये.) दोन आठवडे दूध थांबवून पुढे थोडे थोडे वाढवत जावे आणि आपले माप आपण ठरवावे, हे बिनखर्चाचे आहे. शौचात रक्त, घटते वजन, पंडुरोग किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर मात्र असे प्रयोग न करता तातडीने डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

दूध कायमचे वर्ज्य करण्याचा सल्ला सहज दिला जातो, पण त्याची किंमत कोण मोजतो? शाकाहारी, मर्यादित पगाराच्या कुटुंबात दूध-दही हेच चांगल्या प्रथिनांचे, कॅल्शियमचे आणि विशेषतः ब-१२ जीवनसत्त्वाचे प्रमुख साधन असते. कॅल्शियमसाठी नाचणी व तीळ आहेत. ब-१२ त्यांतून मिळत नाही. बाजारात दुग्धशर्करारहित दूध आता मिळते, परंतु ते साध्या दुधापेक्षा महाग, आणि तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. ज्याला रोज शंभर मिलिलिटर साधे दूध आणि वाटीभर दही सुखाने सोसले असते, त्याला या महाग पिशवीकडे अथवा संपूर्ण त्यागाकडे ढकलणे हा उधळपट्टीचाच एक प्रकार आहे.

सरकार आणि दूधसंघ यांना येथे करण्यासारखे थोडे आहे, पण ते करता येण्यासारखे आहे. पाकिटावर ‘यात दूध आहे’ एवढे छापले जाते. दुग्धशर्करा किती ग्रॅम आहे हे सहसा छापले जात नाही. ते छापायला शाईखेरीज फारसा खर्च नाही. श्वासाच्या तपासणीचे यंत्र प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असावे. आणि शाळा, कचेऱ्या व एस.टी. स्थानके यांतील शौचालयांना पाणी आणि आतून लागणारी कडी असावी. या रुग्णांच्या दृष्टीने ती सोय औषधाइतकीच निकडीची आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.